गोड टेप

वर्षातून एकदा, दुकान ज्या तारखेला सुरू झालं त्या तारखेला, मास्तर घरातल्या सगळ्यांची मापं घेत. कपडे शिवायचे असोत नसोत. ही पद्धत त्यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या मास्तरांनी घालून दिली होती आणि ते जाऊन एकोणपन्नास वर्षं झाली तरी तिच्यात टाक्याचाही फरक पडला नव्हता. दुकान बंद ठेवायचं, जेवणं लवकर उरकायची, दोन वाजता सगळ्यांनी कटिंगच्या टेबलाभोवती जमायचं आणि वयाप्रमाणे एकेकानं हात पसरून उभं राहायचं. मास्तर आकडा सांगणार, थोरला मुलगा वहीत लिहिणार. मग मागच्या वर्षीचा आकडा काढून मास्तर दोन्ही ताडून बघणार आणि फक्त "हं" म्हणणार. त्या एका "हं"ची घरातल्या बायका महिनाभर आधीपासून धास्ती घेत. दोघी सुना त्या महिन्यात जिने उगाचच चढत-उतरत.

या वर्षी बारावी वही सुरू झाली होती, म्हणून मागची मापं बघायला अकरावी काढायला हवी होती. मास्तरांनी कपाट उघडलं. आत चार डांबराच्या गोळ्या होत्या आणि अकरा वह्यांच्या जागी अकरा वह्यांएवढी जागा होती.

"वह्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

थोरल्या सुनेचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. त्या किल्ल्या मिळवायला तिला अठरा वर्षं लागली होती, त्यामुळे कपाटाचा विषय निघाला की तिचा हात आपोआप तिथे जाई.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "मी फक्त कपाट उघडून दिलं. कोणाला दिलं, ते जिनं मागितलं तीच सांगेल."

जिनं मागितलं ती धाकटी सून टेबलाच्या टोकाला उभी होती. ती जवळच्या शाळेत शिकवायची. तिचा नवरा ट्रामच्या डेपोत होता आणि मापाच्या दिवशी त्याची ड्यूटी दरवर्षी न चुकता लागायची. हा योगायोग नव्हे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"लायब्ररीत आहेत, बाबा," ती म्हणाली. "प्रदर्शनाला. आपल्या वस्तीच्या इतिहासाचं प्रदर्शन आहे ना आज. मी तुम्हाला मंगळवारी विचारलं होतं. तुम्ही हं म्हणालात."

"माझ्या तोंडात टाचण्या असतील."

"टाचण्या होत्या. पण हं म्हणालात."

"टाचण्या असल्या की मी सगळ्यालाच हं म्हणतो. किती वह्या दिल्यास?"

"अकराच्या अकरा."

मास्तर खाली बसले. मापाच्या दिवशी ते कधी बसत नसत, त्यामुळे थोरल्यानं घाईघाईनं त्यांच्याखाली स्टूल सरकवलं. तो एक्कावन्न वर्षांचा होता. दुकानात मात्र त्याला अजून "मुलगा"च म्हणत, कारण कात्री अजून बापाच्या हातात होती. ज्याच्या हातात कात्री तो मास्तर आणि बाकीच्यांनी मशीन मारायचं, काजं करायची, इस्त्री फिरवायची, असा त्या दुकानाचा कायदा होता.

"बाबा, चार वाजता उघडणार आहे ते," थोरला दबक्या आवाजात म्हणाला. "सगळी वस्ती येणार."

आता या वह्यांमध्ये असं काय होतं, ते सांगायला हवं. आकडे तर होतेच. छाती, कंबर, खांदा, बाही, कॉलर, सगळं शाईनं. पण प्रत्येक आकड्याच्या बाजूला थोरल्या मास्तरांनी, आणि त्यांचं बघून मास्तरांनी, बारीक पेन्सिलीनं शेरा लिहून ठेवला होता. उजवा खांदा पाऊण इंच खाली, आत गादी देणे. पाय वाकडे, पँट सैल ठेवणे. पोट आहे, मान्य नाही. आणि प्रत्येक शेऱ्याखाली दोन शब्द ठरलेले. सांगू नये. त्या वस्तीत ऐंशी वर्षं सगळ्यांचे खांदे सरळ होते, ते या दोन शब्दांच्या जोरावर.

शिवाय गोड टेप होती. दुकानात टेपा दोन. एक खरी, बाजारातली. दुसरी थोरल्या मास्तरांनी कॅनव्हासच्या पट्टीवर स्वतः आखलेली, जिच्यावर खऱ्या आठ इंचांचे सातच होत. कोणाला कुठली टेप लागते हे माणूस पायरी चढतानाच समजायचं. गोड टेपेनं घेतलेला आकडा मोठ्यानं सांगायचा आणि लिहिणाऱ्यानं मनातल्या मनात हिशेब करून खरा आकडा वहीत उतरवायचा. थोरला शाळेत गणितात दोनदा नापास झाला होता, पण सातचे आठ करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

"म्हणजे आता सगळ्या वस्तीला आपापली कंबर कळणार," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, पण ती काळजी नीट शिजलेली नव्हती. "शिकलेली माणसं. जरा विचार करून तरी द्यायच्या."

"ताई, किल्ली देताना तुम्हीच म्हणालात, तेवढंच कपाट मोकळं होईल."

"मी धुळीबद्दल म्हणाले होते."

"मी आंधळेपणानं काही केलेलं नाही," धाकटी मास्तरांकडे वळून म्हणाली. "प्रत्येक वहीचं एकेकच पान उघडं ठेवायचं ठरलंय आणि तिथे मी खुणेचा कागद घातलाय. ती सगळी पानं गेलेल्या माणसांची आहेत. जिवंत माणसाचं एकही पान नाही. तुम्हाला त्या वह्यांत काय आहे ते माहीत तरी आहे का, बाबा? अख्खी वस्ती आहे त्यात."

"तेच तर," थोरला म्हणाला.

"बरोबर बोलतेय पोरगी," खिडकीजवळून आवाज आला. ती आत्या होती, मास्तरांची धाकटी बहीण, वय बहात्तर. ती त्या खिडकीत बसून पन्नासहून जास्त वर्षं काजं करत होती. लग्न केलं नाही, दुकानातून सवडच झाली नाही, असं ती सांगे. सुईवरची नजर न काढता ती म्हणाली, "कपाटात ठेवून काय होणार होतं? डांबराच्या गोळ्यांना इतिहास वाचता येतो का?"

आत्या धाकटीच्या बाजूनं गेल्याबरोबर थोरली तिच्याविरुद्ध गेली, आणि आपण आताच कोणाच्या बाजूनं बोललो हे थोरला आठवू लागला. मास्तरांचं लक्षच नव्हतं.

"चौथ्या वहीत कुठलं पान उघडं आहे?" त्यांनी विचारलं.

"डेपोचं. कंडक्टरांची मापं."

"त्याच्या पुढची पानं?"

"ती बंदच राहणार."

मास्तर उठले. "चला," ते म्हणाले. "चार वाजायच्या आत वह्या परत आणायच्या."

"आणि मापं?" थोरलीनं विचारलं.

"नंतर."

ऐंशी वर्षांत पहिल्यांदा घरातली मापं राहिली. थोरलीनं कोणाला दिसणार नाही असा सुस्कारा सोडला आणि जेवताना मुद्दाम न वाढून घेतलेला भात आठवून तिला भूक लागली.

मास्तरांना वस्तीची काळजी होती, खोटं कशाला सांगा. पण त्याहून मोठी काळजी त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी कात्री हातात घेतली आणि जुन्या वह्या चाळल्या. चौथ्या वहीत घरच्या मापांमध्ये बहिणीचं पान होतं. मुलगी, वय एकोणीस. आकडे झाल्यावर खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: नजर सरळ, हात थांबत नाही. कात्री हिची आहे. मुलाला वाईट वाटेल. सांगू नये.

मुलाला वाईट वाटलं होतं. पण त्याहून जास्त त्याला भीती वाटली होती, आणि ती एकोणपन्नास वर्षं गेली नव्हती. बहिणीनं ते पान वाचलं तर काय, ही. कारण तिची नजर सरळ आहे हे त्यांना रोज दिसत होतं. कापडावर खडू टेकवून ते घुटमळले की खिडकीतून, मान वर न करता, ती म्हणायची, "दादा, अर्धा इंच सोड." आणि अर्धा इंच सोडावाच लागायचा.

ते सगळे निघाले. मास्तर पुढे, मागे थोरला, मग एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी सुना. आत्या काज पुरं करून येते म्हणाली.

लायब्ररीपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा होता आणि धाकटीला तो आता वह्यांशिवाय दिसतच नव्हता. पुलाजवळ बंद पडलेला लोखंडाचा कारखाना होता. तो बंद झाला त्या साली सहाव्या वहीत सगळ्या पुरुषांच्या कमरा दोन-दोन इंचांनी कमी झाल्या होत्या. त्याबद्दल एक शब्द कुठे लिहिलेला नव्हता, नुसते आकडे. कोपऱ्यावर बेकरी होती. ती उघडली त्याच्या पुढच्या वर्षी बेकरीलगतच्या सात घरांचे आकडे एकदम वर गेले होते आणि लांबच्या घरांचे नव्हते. पलीकडे डेपो. कंडक्टरांच्या पानावर प्रत्येकाचा एक खांदा खाली होता, ज्या बाजूनं तिकिटांची पिशवी लटकायची तो. सिनेमाचं थिएटर निघालं त्या साली पोरांच्या पँटी अरुंद झाल्या होत्या आणि बाजूला थोरल्या मास्तरांचा शेरा होता, बसता येणार नाही, सांगितलं, ऐकत नाहीत. असा इतिहास कुठल्या पुस्तकात मिळाला असता? आपण चूक केली असं तिला अजूनही वाटत नव्हतं. फक्त सासऱ्यांची पाठ आज मागून बघताना जास्त वाकलेली दिसत होती, त्याचं तिला वाईट वाटत होतं.

लायब्ररीपाशी पोहोचले तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि आतून माणसांचा आवाज येत होता.

"चारला होतं ना?" थोरला म्हणाला.

"बेकरीवाल्या बाईंनी बिस्किटं लवकर पाठवली," दारातच लायब्ररियन म्हणाले. बारीक चणीचे, नियमांवर वाढलेले गृहस्थ. "बिस्किटं आली म्हणून माणसं आली, माणसं आली म्हणून उघडलं. पंख्याखालीच टेबल लावलंय, उकडतं फार. उत्तम प्रतिसाद आहे, मास्तर."

"माझे खुणेचे कागद?" धाकटीनं विचारलं.

"काढले. पुस्तकात खुणेचे कागद ठेवणं नियमात बसत नाही. पान दुमडतं. आणि अक्षर बारीक होतं म्हणून प्रत्येक वहीपाशी एकेक भिंग ठेवलंय."

धाकटी भिंतीला टेकली. त्या क्षणी थोरली आपल्या जागेवरून निघून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिचा हात धरला. भांडणात जी मजा असते ती समोरचं माणूस उभं असेपर्यंतच, हे थोरलीला कळत होतं.

आत थोरल्यानं जे पाहिलं ते त्यानं पुढे कित्येक वर्षं सांगितलं, दरवेळी थोडं वाढवून. दवाखान्याचे डॉक्टर एक वही हातात घेऊन लोकांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. "मान आखूड, कॉलर लहान ठेवणे," वाचलं की हसत होते, पान उलटत होते. मग त्यांनी एक पान उलटलं आणि वाचायचे थांबले. मागून कोणीतरी भिंग पुढे करून वाचलं: डॉक्टर. पोट आहे, मान्य नाही. माप घेताना श्वास धरतात, दीड इंच जास्त धरणे. हार्डवेअरवाले जुळे भाऊ एकाच वहीवर वाकले होते. दोघं सगळीकडे एकाच मापाचे कपडे घालून फिरत. वहीत लिहिलं होतं, दोघांना एकच माप हवं असतं, एकाची छाती दोन इंच मोठी, दुसऱ्याला आतून भरणे. दुसरा कोण, यावर ते दोघं एकमेकांकडे बघत होते.

आणि टेबलाच्या शेवटी हेडसर होते, निवृत्त मुख्याध्यापक. मास्तरांचे लहानपणापासूनचे मित्र. ताठ कसं उभं राहावं हे शाळेतल्या तीन पिढ्यांना हेडसरांकडे बोट दाखवून शिकवलं गेलं होतं, खुद्द धाकटी अजून मुलांना तसंच सांगायची. ते भिंगातून एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. पाठ वाकलेली. डावा खांदा एक इंच खाली. कॅनव्हास दुहेरी घालणे. मुलांसमोर ताठ दिसले पाहिजेत. सांगू नये.

हेडसरांनी भिंग खाली ठेवलं. कोटाच्या डाव्या खांद्यावर हात नेला आणि आतली गादी चाचपून पाहिली. मग ते दाराकडे निघाले. मास्तर दारातच उभे होते.

"येतो," हेडसर म्हणाले. एरवी ते थांबून अर्धा तास बोलत.

त्यांच्यामागून बाकीचे निघाले. डॉक्टर, जुळे भाऊ, दूधवाला, रंगारी, डेपोचे दोन साहेब. कोणी भांडलं नाही, कोणी वर मान केली नाही. बेकरीवाल्या बाई बशी गोळा करत शेवटपर्यंत थांबल्या होत्या. त्या वस्तीत त्यांची पस्तीस इंची कंबर वीस वर्षं गाजत होती आणि त्या स्वतःच ती गाजवत. त्यांनी एका वहीवरून नजर फिरवली, बशी उचलली आणि मास्तरांच्या शेजारून, अंग चोरून, निघून गेल्या.

मास्तर टेबलापाशी आले. एक, दोन, तीन. चौथी वही जागेवर नव्हती.

ती खिडकीतल्या खुर्चीवर होती. आत्या मागच्या दारानं केव्हातरी येऊन बसली होती आणि वही तिच्या मांडीवर उघडी होती. चष्मा कपाळावर सरकवलेला. भिंगाची गरज तिला नव्हती.

मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "बारके," ते म्हणाले. बहात्तराव्या वर्षीही ती त्यांची बारकीच होती. "काय बघतेस?"

"शिवण बघतेय," आत्या म्हणाली. "अजून टिकून आहे." तिनं वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि काठी शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंदच असे. सोमवारी नऊ वाजता मास्तरांनी फळी उघडली, खडू तासला, दोन्ही टेपा खुंटीवर नीट टांगल्या आणि वाट बघत बसले. दहा वाजले, अकरा वाजले. रंगाऱ्याची ट्रायल होती, तो आला नाही. डॉक्टरांचा कोट तयार होऊन हँगरला होता, तो न्यायला कोणी आलं नाही. समोरच्या फुटपाथवरून जाणारी माणसं दुकानासमोर आली की पलीकडे बघत चालत आणि चालताना पोट आत घेत. ते मात्र काचेतून स्पष्ट दिसत होतं.

थोरला रिकाम्या मशीनवर पाय हलवत बसला होता. "तयार कपड्यांचं दुकान टाकू," तो म्हणाला. "तिथे माप नसतंच. लहान, मध्यम, मोठा. कोणाला काही सांगायला नको, लपवायला नको."

मास्तर खुंटीवरच्या टेपा पुन्हा सरळ करत राहिले, त्यामुळे थोरला घाबरला. बाप चिडला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी हेडसरांकडे जाऊन माफी मागते," आतल्या दारातून धाकटी म्हणाली. शाळा सुटताच ती धावत आली होती. थोरली तिच्यासाठी चहा घेऊन उभी होती आणि वरून म्हणत होती, "आधी खाऊन घे, माफी काय पळून जात नाही."

"कोणाची माफी मागायची नाही," मास्तर म्हणाले. "शेरे आम्ही लिहिले, तू नाही. जा, चहा घ्या दोघी. तूही जा रे."

दुकानात दोघंच उरली, मास्तर आणि खिडकीत आत्या. मास्तरांनी बराच वेळ खडू बोटांत फिरवला. लोक येवोत न येवोत, एक गोष्ट तरी आता स्वतःच्या तोंडानं सांगावी असं त्यांच्या मनानं घेतलं. कपाटातून चौथी वही काढून ते खिडकीपाशी गेले, पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं.

"हे तुला दाखवायला हवं होतं," ते म्हणाले. "बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीच. मी दाखवलं नाही. ही कात्री तुझी होती, बारके. मी ती आयुष्यभर वापरली आणि तुला काजं करत बसवलं."

आत्यानं पानाकडे पाहिलंही नाही. तिनं दोरा दातानं तोडला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"परवा वाचलंस ना?"

"परवा कशाला? दादा, या वह्या शिवल्या कोणी? सुटी पानं बाबा माझ्याकडे द्यायचे, मी दोरा ओवून वही करायचे. चौथी वही मी एकोणिसाव्या वर्षी शिवली. शिवताना पान समोर येतंच. मला काय डोळे मिटून शिवता येतं?"

मास्तरांना बसायला जागा मिळेना, ते कापडाच्या ताग्यावरच बसले.

"त्रेपन्न वर्षं तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

आत्यानं आता मान वर केली. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "खाली लिहिलं होतं ना," ती म्हणाली. "सांगू नये."

मास्तर हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. आत्यानं त्यांना नाक पुसायला अस्तराचा तुकडा दिला.

"राग नाही आला तुला?"

"आला की. तू पहिला कोट कापलास आणि त्याची पाठ बिघडवलीस, तेव्हा इतका राग आला की तीन दिवस जेवले नाही. मग वाटलं, आरडाओरडा करून कापड काही परत मिळणार नाही. इथून सांगितलं तर निदान पुढचा कोट तरी वाचेल." तिनं सुईत दुसरा दोरा ओवला. "बऱ्यापैकी वाचले."

मंगळवारी साडेदहा वाजता दुकानाच्या पायरीवर बेकरीवाल्या बाई उभ्या राहिल्या. मास्तर कटिंगच्या टेबलापाशी, थोरला वहीपाशी. दोघी सुना आतल्या पडद्यामागे एकाच फटीतून बघत होत्या, एकीची हनुवटी दुसरीच्या डोक्यावर. बाईंनी दोन्ही बाजूंनी रस्ता न्याहाळला आणि आत आल्या.

"मुलीच्या साखरपुड्याला घालायला कोट हवाय," त्या म्हणाल्या. "माप घ्या."

मास्तरांनी मान खाली घालून खुंटीवरची टेप उचलली. खरी. आता दुसरी कुठली उचलणार?

बाईंनी हात मागे घेतले.

"ती नको," त्या म्हणाल्या. "माझी ती दुसरी आहे, कॅनव्हासची."

थोरल्याच्या हातातला पेन वहीवर टेकून राहिला आणि तिथे शाईचा डाग पडला.

"तुम्हाला माहीत होतं?" मास्तरांनी विचारलं.

"माझ्या घरी आरसा आहे, मास्तर. टेपही आहे. रोज पीठ मोजते मी, मला मोजमाप शिकवू नका." त्या थोड्या लाजल्या. "पण वर्षातून दोनदा इथे येऊन पस्तीस ऐकलं की पुढचे सहा महिने बरे जातात. हेडसर बाहेर कोपऱ्यावर उभे आहेत. कोट घट्ट होतोय म्हणतात. मी आत काय करते ते बघून येणार आहेत. त्यांच्यामागे डॉक्टर आहेत. तेव्हा लवकर आटपा."

मास्तरांनी खरी टेप खुंटीला लावली. गोड टेप काढली. पण ती गळ्यात न घालता ते खिडकीपाशी गेले आणि बहिणीसमोर हात पुढे केला. टेप आणि टेपेवर आडवी ठेवलेली मोठी कात्री.

"बारके," ते म्हणाले, "माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही."

त्यांच्या डोळ्यांना उत्तम दिसत होतं. थोरल्याला ते माहीत होतं, पडद्यामागच्या दोघींनाही माहीत होतं. आत्यानं हातातलं काज बाजूला ठेवलं, उठली, काठी खिडकीतच राहू दिली. टेप गळ्यात घातली, ती गळ्यात कायमचीच असावी इतक्या सहज. बाईंनी हात पसरले. आत्यानं कमरेभोवती टेप फिरवली, बोटानं नखाएवढी सैल सोडली आणि साऱ्या दुकानाला, पायरीला आणि कोपऱ्यावरच्या हेडसरांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पस्तीस."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांच्या पाठीमागून आत्यानं थोरल्याला एक बोट वर करून दाखवलं. थोरल्यानं सवयीनं पस्तीसचे चाळीस केले, त्यात एक मिळवला आणि लिहिलं, कंबर एकेचाळीस. मग तो अडला आणि वाकून कुजबुजला, "आत्या, आता खाली काय लिहू? त्यांना तर माहीत आहे."

"तेच लिही, नेहमीचं," आत्या म्हणाली. "सांगू नये."

"पण माहीत आहे ना त्यांना."

"म्हणूनच," आत्या म्हणाली आणि खांद्याचं माप घ्यायला वळली.